रेडिओ कंट्रोल विमानातली सर्वोची बैठक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"सर्वो कोणता घेऊ?" हा प्रश्न लोक विमान बांधण्याआधी विचारतात. (सर्वो म्हणजे पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्या फिरवणारी छोटी मोटरपेटी.) "तो बसवू कशावर?" हा प्रश्न बहुतेक वेळा विमान पडल्यावर येतो. खालचे प्रश्न फोनवर, माळावर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारले गेलेले आहेत. तेच ते पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. सर्वोच्या दोन्ही टोकांना भोकं असलेल्या ज्या पट्ट्या बाहेर आलेल्या असतात, त्यांना इथं सगळीकडे "कान" म्हटलं आहे. वर फिरतो तो आर्म.

१. सर्वोची बैठक म्हणजे नेमकं काय? सर्वो सरळ गोंदानं चिकटवला तर काय बिघडतं?

सर्वो ज्यावर स्क्रूनं आवळतो ते लाकूड, प्लाय किंवा प्लास्टिक म्हणजे बैठक, ज्याला बहुतेक जण माउंट म्हणतात. सर्वो पडू नये म्हणून ती असते असं वाटतं, पण तिचं खरं काम वेगळं आहे. सर्वो एलिव्हेटरला, म्हणजे शेपटीच्या वर-खाली होणाऱ्या फळीला, जेवढ्या जोरानं ढकलतो, तेवढ्याच जोरानं तो स्वतः मागं रेटला जातो. हा रेटा विमानाच्या सांगाड्यात पोचवायचा असतो. बंद पडलेली स्कूटर ढकलताना पायाखाली वाळू असली की गाडी हलत नाही, आपणच मागं सरकतो. सर्वोचंही तसंच आहे.

गोंदानं चिकटवणं थर्माकोलच्या पहिल्या विमानात चालून जातं. पण सर्वो जळतो, त्याच्या आतल्या चाकांचे दात जातात, वायर तुटते, आणि मग तो उपटताना मूठभर फोम सोबत येतो. काढता येईल असं चिकटवायची पद्धत ९ व्या प्रश्नात आहे.

२. एवढासा सर्वो, त्याच्या बैठकीवर असा किती जोर येणार?

आकडाच काढू. नऊ ग्रॅमचा निळा सर्वो ४.८ व्होल्टवर साधारण १.८ किलो-सेंटीमीटर जोर देतो असं त्याच्या माहितीपत्रकात असतं. म्हणजे आर्मवर मधल्या खिळीपासून १ सेंटीमीटरवर पुशरॉड, म्हणजे आर्मपासून फळीपर्यंत जाणारी तार, अडकवला, तर तो जास्तीत जास्त १.८ किलोनं ओढेल. मोठ्या आकाराचा धातूच्या दातांचा, ९.४ किलो-सेंटीमीटरचा सर्वो घेतला आणि १.२ सेंटीमीटरवर पुशरॉड लावला, तर ओढ जवळपास ७.८ किलो. पाच किलो गव्हाची पिशवी तारेनं टांगून वर आणखी अर्धी पिशवी ठेवा, आणि तो भार ३ मिलिमीटरच्या प्लायवर आडवा देऊन बघा.

उडताना सर्वो सतत एवढा जोर लावत नाही हे खरं. पण कंट्रोल सरफेसवरचा, म्हणजे हलत्या फळीवरचा, हवेचा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर भार चौपट. सूर मारून विमान वर खेचताना बैठकीची खरी परीक्षा असते. आणि लँडिंगला रडर, म्हणजे शेपटीची उभी फळी, दगडाला लागला, की उलट दिशेनं, पुशरॉडमधून सर्वोकडे आणि सर्वोकडून बैठकीकडे दणका येतो. त्याला माहितीपत्रकातली मर्यादा लागू नाही.

बीईसी, म्हणजे सर्वोला वीज पुरवणारं सर्किट, ४.८ वरून ६ व्होल्टवर नेलात तर सर्वोचा जोर वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बैठकीवरचाही वाढला, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

३. फ्युजलाजमध्ये (विमानाच्या धडात) जागा कमी आहे. सर्वो आडवा फिरवून बसवला तर चालेल का?

नऊ ग्रॅमच्या सर्वोच्या बाबतीत माझं उत्तर: शक्य असेल तोवर नको. का ते नीट पाहू, कारण पुष्कळ "बैठक सैल होते" तक्रारींचं मूळ इथं असतं.

सर्वो हातात घ्या. कानांच्या खालच्या पृष्ठभागापासून आर्मपर्यंतची उंची साधारण सव्वा सेंटीमीटर भरते. पुशरॉड ओढतो वर, सर्वो आवळलेला असतो खाली. म्हणजे प्रत्येक ओढीला सर्वो उलथायला बघतो. १.८ किलोची ओढ आणि सव्वा सेंटीमीटर उंची धरली, तर उलथवणारा जोर सव्वादोन किलो-सेंटीमीटर होतो. पुशरॉड सर्वोच्या लांबीच्या दिशेनं ओढत असेल, तर एका कानाच्या कडेवर सर्वो टेकतो आणि जवळपास तीन सेंटीमीटरवरचा पलीकडचा स्क्रू त्याला धरतो. त्या स्क्रूवर ओढ येते पाऊण किलोची.

आता सर्वो नव्वद अंशात फिरवा. पुशरॉड आता रुंदीच्या दिशेनं ओढतोय. या सर्वोला दोनच स्क्रू, दोन्ही मधल्या रेषेवर. टेकायला मिळते ती कानाची अर्धी रुंदी, म्हणजे ६ मिलिमीटर. दोन्ही स्क्रूंवर मिळून ओढ येते पावणेचार किलोची. तोच सर्वो, तीच बैठक, फक्त फिरवला म्हणून एकूण पाचपट.

मोठ्या सर्वोला चार स्क्रू असतात, पण एका कानावरच्या दोन भोकांतलं अंतर १ सेंटीमीटरच्या आसपास असतं, तर दोन कानांतलं ५ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे तिथंही लांबीची दिशाच बरी. आडवाच बसवावा लागत असेल, तर सर्वोच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे टेकवा. उलथायला जागाच उरली नाही, की स्क्रूंना काम राहत नाही.

४. लाकूड कोणतं वापरू? पुण्यात कुठं मिळेल?

बाल्सात, म्हणजे विमानाच्या हलक्या मऊ लाकडात, स्क्रू धरत नाही, तो विषय संपला. बाल्साच्या विमानातसुद्धा बैठक कठीण लाकडाची किंवा प्लायचीच हवी. मी बहुतेक वेळा ३ मिलिमीटरचा बर्च प्लाय वापरतो. मोठ्या सर्वोला त्याखाली कानांच्या रेषेत आणखी एक ३ मिलिमीटरची पट्टी चिकटवतो, म्हणजे स्क्रूला ६ मिलिमीटर लाकूड मिळतं. नुसत्या पट्ट्यांवर बसवायचं असेल तर बीच किंवा सागवानाची १० बाय १० मिलिमीटरची पट्टी पुरते.

सागवानासाठी पैसे मोजायची गरज नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा घराजवळच्या कुठल्याही सुताराकडे कापून उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात. "कशाला पाहिजे?" असं विचारलं तर विमान सांगू नका, अर्धा तास जातो. मात्र साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी पॉलिश पेपर मारून अ‍ॅसिटोननं पुसा, नाहीतर इपॉक्सी वरवर धरतो आणि दणका बसला की स्वच्छ सुटून येतो.

फर्निचरचा साधा कमर्शिअल प्लाय टाळा. त्याच्या मधल्या थरात पोकळ्या असतात आणि तुमचा स्क्रू नेमका पोकळीत जातो. एमडीएफ तर नकोच. जड, कडेला स्क्रू घातला की फुटतो, ओल लागली की फुगतो.

स्क्रूंसाठी बोहरी आळी. मापाचा नमुना सोबत न्या.

५. प्लायमध्ये खाच किती मापाची कापू? प्लॅनवर दिलेलं माप चालेल?

सर्वो हातात येईपर्यंत खाच कापू नका. नऊ ग्रॅमचा म्हणून विकला जाणारा प्रत्येक सर्वो सारख्या मापाचा नसतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक सर्रास असतो. व्हर्निअरनं मोजा. ढोबळ अंदाजासाठी, छोट्या सर्वोची पेटी २३ बाय १२ मिलिमीटरच्या आसपास, मोठ्याची ४० बाय २०.

कानांच्या भोकांत बसणारे रबरी ग्रोमेट लावणार असाल, तर चारही बाजूंनी साधारण १ मिलिमीटर फट ठेवा. पेटी लाकडाला टेकली, तर रबराचा उपयोग शून्य. ग्रोमेट नसतील तर उलट: खाच पेटीला घट्ट बसेल अशी कापा, कारण मग खाचेची कडसुद्धा भार उचलते. वायर बाहेर येते त्या टोकाला कानशीनं छोटा खड्डा करा. सर्वो जबरदस्तीनं दाबून वायरचं मूळ चेपलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. दोष मग सर्वोला दिला जातो.

६. सर्वोसोबत पिशवीत रबर आणि पितळी नळ्या येतात. त्या लावायच्याच का? कोणती बाजू वर?

पेट्रोल किंवा ग्लो इंजिन असेल तर लावायच्याच. इंजिनची थरथर सर्वोच्या आतल्या, आर्मची जागा मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरला खाऊन टाकते, आणि रबर ती थरथर अडवतं. इलेक्ट्रिक मोटरच्या छोट्या विमानात त्यांच्याशिवाय चालतं. छोट्या सर्वोच्या पिशवीत त्या बहुधा नसतातच.

पितळी नळीला, म्हणजे आयलेटला, एका टोकाला चपटी कडा असते. ती कडा लाकडाच्या बाजूला, म्हणजे खाली. आयलेट खालून वर घालायचं. अनेक जण ती वर ठेवतात, कारण वॉशरसारखी दिसते. उलटं घातलं की नळीची अरुंद कड लाकडात रुतत जाते, आणि स्क्रू आवळत गेलं की रबर पार चेपतं. आयलेटचं कामच हे आहे की स्क्रू एका ठिकाणी येऊन थांबावा आणि रबर फक्त किंचित दाबलं जावं. बरोबर लागलं असेल तर स्क्रू अचानक "टेकला" असं हाताला कळतं. तिथं थांबा.

७. स्क्रूसाठी भोक किती, आणि स्क्रू किती आवळायचा?

छोट्या सर्वोच्या २ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला १ मिलिमीटरचं भोक, मोठ्या सर्वोच्या अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या स्क्रूला दीड मिलिमीटरचं. ड्रिल मशीन नको, बोटांत फिरवायचं छोटं ड्रिल पुरतं. भोक पट्टीच्या टोकापासून निदान ६ मिलिमीटर आत घ्या, नाहीतर पट्टी रेषेत चिरते.

पुढची पायरी बहुतेक जण टाळतात, आणि ती टाळू नये. स्क्रूच्या आट्यांवर अंघोळीच्या साबणाची वडी घासा. सर्वो न ठेवता स्क्रू लाकडात एकदा पूर्ण आत घाला, बाहेर काढा. आता भोकात पातळ सायनोचा, म्हणजे फेविक्विकसारख्या गोंदाचा, एकच थेंब सोडा. लाकूड तो पिऊन घेतं. तासभर वाळू द्या. लाकडात उमटलेले आटे आता कडक झालेले असतात. मग सर्वो ठेवून तोच स्क्रू हातानं घाला. जुने आटे पकडायचे असतील तर आधी स्क्रू उलटा फिरवा, टिक असा हलका आवाज आला की मग सुलटा. पुन्हा पुन्हा काढला-घातला तरी असे आटे टिकतात.

गोंद सोडताना सर्वो टेबलावर असला पाहिजे, विमानात नाही. मी एकदा आळस करून सर्वो जागेवर असतानाच थेंब सोडला. पातळ सायनो कानाखालून पेटीत शिरला आणि दातांना चिकटला. सर्वो नवा होता, एकदाही न उडालेला.

८. आटे गेले. स्क्रू नुसताच फिरतो. बैठक बदलावी लागेल का?

नाही. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी घ्या. ती बांबूची असते आणि जाडी नेमकी लागते तेवढी. वरचा काळा भाग खरवडून टाका, फेविकॉल लावून भोकात ठासा, वर आलेलं टोक ब्लेडनं कापा. रात्रभर वाळल्यावर नव्यानं भोक पाडून ७ व्या प्रश्नातली पद्धत करा. जाड स्क्रू घालून वेळ मारून नेऊ नका. जाड स्क्रूनं सर्वोचा कान फुटतो, आणि तो १६ वा प्रश्न आहे.

९. माझं विमान पूर्ण फोमचं आहे. फोमला लाकडी बैठक कशी धरवायची?

फोम जोर सहन करतो, पण तो पसरून मिळाला तर. नखानं दाबलं की थर्माकोलमध्ये खड्डा पडतो, तळहातानं दाबलं तर पडत नाही. तेच इथं. सर्वोच्या कानाएवढा लाकडाचा तुकडा फोममध्ये रोवला, तर पाचव्या उड्डाणाला तो फोममध्ये आपलं बीळ करून बसतो. त्याऐवजी दीड-दोन मिलिमीटरच्या प्लायची सर्वोपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर मोठी चकती करा, मधे खाच कापा, कानांखाली आइस्क्रीमच्या काडीचे दोन तुकडे दुहेरी करून चिकटवा. या काड्यांचा गठ्ठा अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. आइस्क्रीम खाऊन जमवायलाही हरकत नाही. ही चकती फोमच्या पृष्ठभागावर पूर्ण चिकटवा. जमलं तर तिची एक कड पंखातल्या स्पारला (लांबीच्या मुख्य दांडीला) किंवा कार्बनच्या नळीला भिडवा. सगळा रेटा शेवटी तिथं गेला पाहिजे.

पहिल्या शिकाऊ विमानात एवढं नको वाटत असेल, तर सर्वोला कागदी मास्किंग टेपचा एक घट्ट वेढा द्या आणि गोंद त्या टेपला लावा, सर्वोच्या पेटीला नाही. काढायचा असेल तेव्हा टेपला चीर द्यायची, सर्वो सुटून येतो. फक्त वेढा सैल असेल तर सर्वो टेपच्या आत फिरतो.

१०. गोंद कोणता?

लाकडाला लाकूड: साधा पांढरा फेविकॉल, रात्रभर दाबून. याहून मजबूत जोड बैठकीला लागत नाही. प्लाय आणि फ्युजलाजची बाजू, किंवा जिथं थोडी फट भरायची आहे तिथं: अराल्डाइटसारखा इपॉक्सी. हळू वाळणारा घ्या. पाच मिनिटांचा माळावरच्या दुरुस्तीला ठीक आहे.

थर्माकोलला सायनो लावू नका, तो थर्माकोल खातो. वासाचा पिवळा रबरी गोंदही तेच करतो. नव्या गोंदाची चाचणी आधी टाकाऊ तुकड्यावर करा. ग्लू गनचा गरम गोंद फोमवर चालतो, पण गन फार तापली तर फोम वितळून पोकळी तयार होते आणि वरून काही दिसत नाही. शिवाय पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीच्या मागच्या काचेखाली विमान ठेवलं, की हा गोंद मऊ पडतो. सर्वो तेव्हा हलत नाही. हलतो तो तासाभरानं, हवेत.

११. दुहेरी फोम टेपनं सर्वो बसवला तर?

हलक्या, संथ विमानात, सावलीत ठेवणार असाल तर चालतो. टेप कच्च्या लाकडावर कधीच नीट धरत नाही, म्हणून आधी लाकडाला पातळ सायनो किंवा वॉर्निश पाजून ते गुळगुळीत करा. सर्वो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. तरीही टेप सततच्या ओढीनं हळूहळू सरकतो, विशेषतः उन्हात. एलिव्हेटरचा सर्वो टेपवर बसवू नका.

१२. पंखात, एलेरॉनसाठी (पंखाच्या मागच्या कडेच्या फळीसाठी) सर्वो झाकणावर बसवतात ते कसं करायचं? माझे ठोकळे दोनदा निघून आले.

झाकणाची पद्धत छान आहे. पंखाखाली चौकोनी भोक, त्यावर २ मिलिमीटर प्लायचं झाकण, झाकणाच्या आतल्या बाजूला दोन ठोकळे, त्यांच्यामध्ये सर्वो आडवा निजवलेला, आणि आर्म फटीतून बाहेर. चार स्क्रू काढले की सगळं हातात.

ठोकळे निघतात याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: ते नुसत्या गोंदावर असतात. सर्वोचा रेटा ठोकळ्याला झाकणावरून सोलून काढायला बघतो. गोंद सरकण्याला चांगला पुरतो, सोलण्याला नाही. म्हणून ठोकळा इपॉक्सीनं चिकटवा आणि तो वाळल्यावर झाकणाच्या बाहेरच्या बाजूनं, प्लायमधून ठोकळ्यात, प्रत्येकी दोन स्क्रू घाला. डोकी प्लायमध्ये बुडवा. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग खरखरीत पॉलिश पेपरनं घासा. प्लायवर आधीच पॉलिश किंवा फिल्म असेल तर ती तेवढ्या भागातून काढा. मला दाखवायला आणलेल्या एका झाकणावर ठोकळा चक्क आवरणाच्या फिल्मवर चिकटवलेला होता. गोंदानं फिल्म धरली होती, फिल्मनं प्लाय धरला नव्हता.

ठोकळ्याची नस, म्हणजे लाकडाच्या रेषा, सर्वोच्या स्क्रूला आडव्या जाव्यात. स्क्रू रेषांच्या टोकाकडून आत गेला तर पकड कमी मिळते. ठोकळ्याची जाडी १० मिलिमीटरपेक्षा कमी नको. आणि सर्वोची पेटी झाकणाला न टेकता कागदाच्या जाडीएवढी तरी वर राहू द्या.

झाकण ज्या पट्ट्यांवर आवळता, त्या पट्ट्या दोन्ही बाजूंच्या रिबला, म्हणजे पंखाच्या फासळीला, भिडल्या पाहिजेत. झाकण मजबूत आणि ते ज्यावर बसलंय ती बाल्साची कातडी, असं असेल तर तुम्ही कमकुवत जागा फक्त दोन इंच पुढं ढकलली. वायर ओढण्यासाठी पंख बंद करण्याआधीच आत एक दोरा टाकून ठेवा, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं प्रत्येकालाच नंतर वाटतं.

१३. थ्रीडी प्रिंट केलेली बैठक चालेल का? कॉलेजमध्ये प्रिंटर आहे.

चालेल, दोन अटींवर. पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. उन्हात उभ्या बंद गाडीत एवढं तापमान सहज होतं. बैठक मोडत नाही, वाकते, आणि सर्वो तिरका होऊन ट्रिम, म्हणजे फळीची ठरवलेली मधली जागा, सरकतो. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक त्याहून जास्त उष्णतेत तग धरतं, ते वापरा. दुसरी अट थरांची. प्रिंट थरावर थर असतो आणि तो थरांच्या मधेच सुटतो. पुशरॉडची ओढ थर विलग करणार नाही अशा रीतीनं भाग निजवून छापा, आणि आतली जाळी दाट करण्यापेक्षा भिंती वाढवा. स्क्रूला पकड भिंतीच देतात.

१४. प्लास्टिकच्या दातांचा सर्वो काढून धातूचा लावला. आता बैठकच तुटली. सर्वो खराब आहे का?

सर्वो चांगला आहे, म्हणूनच बैठक तुटली. आधी दणका बसला की प्लास्टिकचे दात जायचे, आणि तुम्ही शिव्या देऊन शंभर-दीडशे रुपयांचा सर्वो बदलायचात. आता दात टिकले, म्हणून दणका पुढच्या कमकुवत जागी गेला. जोर वाढवलात तर साखळी शेवटपर्यंत बघावी लागते: हॉर्न (फळीवरचा, पुशरॉड अडकवायचा तुकडा), पुशरॉड, आर्म, कान, स्क्रू, बैठक, आणि बैठक जिथं चिकटली ती भिंत. कॉलेजच्या वजन उचलायच्या स्पर्धांसाठी विमानं करणारी पोरं शेवटच्या आठवड्यात सर्वो बदलतात आणि बैठक तीच ठेवतात. ते करू नका.

१५. बैठक हाताला पक्की लागते, तरी उडताना शेपूट सैल वाटते. तपासू कसं?

हाताला पक्की लागणं ही परीक्षा नाही. प्रोपेलर काढा किंवा मोटरची वायर सोडा. विमान चालू करा. एकानं एलिव्हेटर मागच्या कडेला दोन बोटांत हलकेच पण ठामपणे धरायचा, दुसऱ्यानं स्टिक हळूहळू पूर्ण खेचायची, आणि नजर सर्वोच्या पेटीवर ठेवायची. मोबाइलवर जवळून व्हिडिओ काढला तर अजून बरं. सर्वोला गुरगुरायला लावून ताणून धरू नका, एक-दोन सेकंद पुरतात.

पेटी उचलली जाते: स्क्रू किंवा दिशा (प्रश्न ३ व ७). पेटी पट्टीसकट पुढं-मागं होते: दोन स्वतंत्र पट्ट्यांवरच्या बैठकीचं हे नेहमीचं दुखणं. पट्टी आडवी ताणलेली असते आणि पुशरॉड तिला मधोमध ओढतो, धनुष्यासारखी. दोन्ही पट्ट्यांवर खाच कापलेला ३ मिलिमीटर प्लायचा एकच तुकडा चिकटवा, कारण प्लाय आपल्या पातळीत वाकत नाही. पट्टीही स्थिर आहे पण फ्युजलाजची बाजू आत-बाहेर होते: बाजूला आतून प्लायचा दुहेरी थर द्या आणि पट्टीच्या खाली कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी बसवा. आणि यातलं काहीच हलत नाही, तरी एलिव्हेटर हलतो: मग पुशरॉड वाकतोय, बैठकीचा दोष नाही.

हे मी फुकट शिकलेलो नाही. दिवेघाटाच्या वर एका माळावर माझं एक वेगवान विमान खाली येताना शेपटीकडून भर्रर्र असा आवाज आला, पत्र्यावर वाळू पडल्यासारखा. तो फ्लटर होता. सरफेसला थोडी मोकळीक मिळाली आणि वेग पुरेसा असला, की तो आपोआप फडफडू लागतो. थ्रॉटल बंद करेपर्यंत एलिव्हेटरचा एक बिजागर गेला होता. उतरल्यावर बघितलं तर सर्वो ठणठणीत, पट्टीचा गोंद मात्र एका बाजूनं सुटलेला. वरून केसाएवढी फट दिसत होती. टॉर्च लावल्याशिवाय तीही दिसत नव्हती.

१६. सर्वोचा कान तुटला. फेकून द्यावा?

त्याच मॉडेलचा मेलेला सर्वो असेल, तर त्याची पेटी काढून लावा. चार लांब स्क्रू असतात, दात सांडू नका. नसेल तर प्लायची एक पट्टी सर्वोच्या डोक्यावरून, आर्मला अडणार नाही अशी, आडवी घालून दोन्ही बाजूंच्या ठोकळ्यांत आवळा. तुटलेला कान गोंदानं जोडून पुन्हा स्क्रू घालण्यात अर्थ नाही.

शंकूच्या डोक्याचे स्क्रू वापरत असाल तर कान तुटायचं कारण तेच आहे. शंकू कानाला पाचरीसारखा फाकवतो. चपट्या बुडाचे स्क्रू घ्या.

१७. ग्लायडरच्या पंखाची जाडी सर्वोएवढीच आहे. ठोकळे, झाकण काहीच मावत नाही.

इथं वरचे नियम मोडावे लागतात. सर्वोवर हीट श्रिंक नळी चढवून आवळा, बाहेरून पॉलिश पेपर मारा, आणि तो नळीसकट पंखाच्या वरच्या कातडीला आतून इपॉक्सीनं चिकटवा. नळीला चीर दिली की सर्वो बाहेर येतो. पण त्या जागी कातडीला आधी फायबरग्लास कापडाचा एक तुकडा लावा, सर्वोच्या दीडपट मोठा, नाहीतर ताण आला की कातडीवर सर्वोचा चौकोन उमटतो. शक्य असेल तर सर्वोची एक बाजू स्पारला भिडवा.

१८. स्क्रू सैल होऊ नये म्हणून निळं थ्रेडलॉक लावू का?

नको. ते धातूला धातूच्या आट्यांसाठी आहे. सर्वोच्या प्लास्टिकला लागलं तर त्याला बारीक चिरा पडतात आणि काही दिवसांनी कान आपोआप गळतो. लाकडात आटे ७ व्या प्रश्नासारखे केले असतील तर कशाचीच गरज नाही. मोठ्या विमानात मशीन स्क्रू वापरत असाल तर नायलॉन कड्याचे नट घ्या.

१९. पावसाळ्यानंतर काही विशेष तपासावं का?

हो. जून ते सप्टेंबर विमान माळ्यावर पडून असतं. लाकूड ओल पितं, फुगतं, मग ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं, आणि स्क्रू पाव फेरा सैल होतात. प्रत्येक स्क्रू हातानं तपासा, रबर कडक झालं असेल तर बदला, आणि १५ व्या प्रश्नातली परीक्षा करा. उड्डाणाच्या दिवशी सकाळी नको, आदल्या रात्री करा. इपॉक्सीला वाळायला वेळ लागतो.

२०. काका, अपघातात सर्वो वाचावा म्हणून बैठक मुद्दाम थोडी कमजोर ठेवली तर?

हा प्रश्न हुशार पोरंच विचारतात, आणि कल्पना वाईट नाही, जागा चुकीची आहे. मुद्दाम तुटणारी गोष्ट उड्डाणात भार घेणारी नसावी. पंख रबर बँडवर ठेवा किंवा नायलॉनच्या बोल्टवर, ते तुटू देत. चाकांची तार वाकू दे. स्टिअरिंगच्या पुढच्या चाकाला दणका बसतो म्हणून त्याच्या आर्मवर स्प्रिंगचा सर्वो सेव्हर लावतात, तो लावा. एलिव्हेटरवर तसलं काही नको. तिथं मी सहा मिलिमीटर प्लाय घालतो, आणि विमान पडलं तर सर्वो बदलतो.